सुटलेले पोट आणि घराचा आधार

बाळंत झालेल्या स्त्रीच्या पोटाविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जाते. पहिले काही दिवस आई किंवा सासूबाई जुन्या मऊ सुती साडीची घडी करून तिचे पोट बांधतात. तेलमालीश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू हा क्रम सव्वा महिना चालतो. पुढे रजा संपते, ती कामावर रुजू होते, आणि वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या समारंभात कोणीतरी सहज म्हणून जाते, ‘‘हिचे पोट फार सुटले हो! त्या वेळी नीट बांधले नसावे.’’ बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु या एका वाक्यात दोन गैरसमज दडलेले आहेत. पोटाचा सैलपणा हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, हा पहिला. आणि तो पट्ट्याने किंवा नुसत्या पोटाच्या व्यायामाने सुटतो, हा दुसरा.

ज्या घरात लहान मूल आणि थकलेली वडीलधारी माणसे एकत्र नांदतात, तेथे दोघांनाही उचलणारे, उठवणारे, बसवणारे हात बहुधा एकाच स्त्रीचे असतात. सकाळी मुलाला कडेवर घेऊन डबे भरणारी, दिवसभर कार्यालयात खुर्चीवर बसणारी, आणि संध्याकाळी सासऱ्यांना पलंगावरून उठवून न्हाणीघरापर्यंत नेणारी ती एकच व्यक्ती असते. हे सारे भार तिची पाठ पेलते, आणि पाठीला पुढून आधार देण्याचे काम पोटाचे स्नायू करतात. ते सैल राहिले तर आधी कंबर धरते, मग पाठ. म्हणून तिच्या पोटाचा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी आणि शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेतला पाहिजे.

पोटाची भिंत कशी बनलेली असते?

पोटाच्या भिंतीत स्नायूंचे चार मुख्य थर असतात. छातीच्या खालच्या बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत मधोमध दोन उभे स्नायू असतात. दोन्ही बाजूंना तिरपे जाणारे दोन थर असतात, आणि सर्वांच्या आत, कमरेभोवती रुंद पट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू असतो. निसर्गाने दिलेला खरा कंबरपट्टा हाच. वरून श्वासपटल, खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मागून कण्याजवळचे बारीक स्नायू यांच्याशी त्याचे काम जुळलेले असते.

ऑस्ट्रेलियातील संशोधक पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट आढळली. निरोगी माणसाने नुसता हात उचलायचा म्हटले, तरी हाताचा स्नायू हलण्यापूर्वीच हा आतला आडवा स्नायू आवळला जातो आणि कण्याला स्थिर करतो. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या व्यक्तींमध्ये मात्र हा स्नायू उशिरा जागा होत होता. म्हणजे पोटाचा आधार केवळ ताकदीवर अवलंबून नसतो. तो योग्य क्षणी मिळावा लागतो. यासाठी सावकाश, श्वासाबरोबर केलेला व्यायाम उपयोगी पडतो.

गरोदरपणात काय घडते?

गर्भ वाढत जातो तसे पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यांना मधोमध जोडणारी तंतुमय पट्टी ताणली जाऊन पातळ होते. हा शरीराचा स्वाभाविक बदल आहे. प्रसूतीनंतर ही फट हळूहळू भरून येते, पण सर्वांची एकाच वेगाने भरत नाही. नॉर्वेतील ३०० स्त्रियांच्या पहिल्या बाळंतपणाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षानंतरही सुमारे ३३ टक्के स्त्रियांमध्ये ही फट शिल्लक होती.

आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हे २६ आठवडे म्हणजे जवळजवळ तेच सहा महिने. म्हणजे रजा संपवून आई पुन्हा लोकलच्या गर्दीत शिरते किंवा एस.टी.च्या पायऱ्या चढते, तेव्हा तिच्या पोटाची भिंत पूर्ववत झालेली असेलच असे नाही. ‘आता सहा महिने झाले, सगळे जागेवर आले असेल’ हे घरातल्यांचे गृहीतक अनेकदा चुकते ते इथे.

ही फट घरच्या घरी ताडून पाहता येते. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, बेंबीच्या जरा वर बोटे आडवी ठेवावीत आणि डोके किंचित उचलावे. दोन्ही बाजूंचे स्नायू घट्ट होतात तेव्हा मधल्या खळग्यात दोनहून अधिक बोटे सहज मावत असतील, किंवा मधोमध डोंगराच्या कण्यासारखा उंचवटा वर येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

मग पोट बांधण्याच्या चालीचे काय? प्रसूतीनंतरच्या दिवसांत, विशेषतः सिझेरियननंतर, बेताने बांधलेला पट्टा हालचाल करताना दिलासा देतो. टाक्यांवरचा ताण कमी वाटतो, खोकताना धीर येतो. तेवढ्यापुरता तो चांगलाच. परंतु पट्टा बाहेरून आधार देतो, तो स्नायूंना काम शिकवत नाही. फार आवळून बांधला तर पोटातील दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो, आणि तेथील स्नायू आधीच थकलेले असतात. सासूबाईंनी पट्टा जरूर बांधावा, पण श्वास कोंडेल इतका नको.

चरबी वेगळी, सैलपणा वेगळा

पुढे आलेले पोट पाहून आपण त्याला एकच नाव देतो. वास्तविक त्यामागे निरनिराळी कारणे असू शकतात. कोणाचे स्नायू ताणलेले असतात, कोणाच्या पोटात चरबी साठलेली असते, तर कोणाला बद्धकोष्ठ आणि वायूमुळे फुगारा असतो. अनेकींमध्ये ही तिन्ही कारणे थोडीथोडी असतात. सकाळी सपाट असलेले पोट संध्याकाळी फुगत असेल, तर आहार आणि कोठा यांकडे पाहावे. झोपल्यावर सपाट होणारे पण उभे राहताच पुढे येणारे पोट बहुधा स्नायूंच्या सैलपणाचे असते.

पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जळते, ही समजूत फार जुनी आहे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठी जीवनशैली असलेल्या २४ जणांना घेतले होते. त्यांतील एका गटाने आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे पोटाचे सात प्रकारचे व्यायाम केले. त्यांच्या स्नायूंची दमदारी वाढली, परंतु पोटावरील चरबी घटली नाही. शरीर चरबी कोठून वापरायची हे स्वतः ठरवते. ती कमी करायची तर सबंध शरीराची हालचाल, आहाराचा बेत आणि झोप यांकडेच वळावे लागते.

चरबीचा अंदाज घेण्यास वजनकाट्यापेक्षा टेलरची टेप अधिक उपयोगी आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. त्याहून अधिक घेर असेल तर मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. हे माप घरातील आजी-आजोबांनीही घ्यावे, कारण हा नियम त्यांनाही लागू आहे.

पंधरा मिनिटांचा क्रम

नोकरदार आईला व्यायामशाळेत तासभर घालवणे बहुधा जमत नाही. तशी गरजही नाही. एक सतरंजी आणि कोणी हाक मारणार नाही अशी पंधरा मिनिटे पुरतात. सुखरूप प्रसूतीनंतर श्वासाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे हलके व्यायाम काही दिवसांतच सुरू करता येतात. सिझेरियन झाले असेल किंवा टाके, रक्तस्राव, रक्तदाब अशी काही अडचण असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच पुढचे पाऊल टाकावे.

पहिला व्यायाम श्वासाचा. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर टेकवावेत. नाकाने श्वास घ्यावा, बरगड्या बाजूंना फुलू द्याव्यात. तोंडाने सावकाश श्वास सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे हळुवार आत घ्यावी. श्वास रोखू नये. असे दहा वेळा.

दुसरा ओटीपोटाच्या तळाचा. लघवी आणि वायू दोन्ही एकाच वेळी अडवल्यासारखे ते स्नायू वर ओढून काही क्षण धरावेत व सोडावेत. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाची उपयुक्तता मांडली. एका वेळी आठ, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने, असा प्रघात आहे. हा व्यायाम लोकलमध्ये उभे राहून किंवा कार्यालयात खुर्चीवर बसूनही करता येतो. शेजारच्याला कळतही नाही.

तिसरा टाच सरकवण्याचा. पहिल्या स्थितीतच श्वास सोडत एक टाच जमिनीवरून पुढे सरकवत पाय सरळ करावा आणि श्वास घेत परत आणावा. कंबर जमिनीवरून उचलली जाऊ नये. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

चौथे सेतुबंधासन. गुडघे वाकवलेल्या स्थितीत श्वास सोडत नितंब उचलावेत, पाच अंक मोजावेत, सावकाश खाली यावे. मांड्या, नितंब, कंबर आणि पोट या सर्वांना एकत्र काम करण्याची सवय यातून लागते.

पाचवा व्यायाम गुडघे व तळहात टेकून, घोडा-घोडा खेळताना असते त्या स्थितीत करायचा. पाठ सपाट ठेवून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवावा, क्षणभर थांबावे, मग बाजू बदलावी. कंबरदुखीचे अभ्यासक कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्याच्या स्थैर्यासाठी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकी हा एक. लहान मूल पाठीवर चढायला आले तर तेवढ्यापुरता व्यायाम थांबवावा.

फट शिल्लक असेतो काही गोष्टी टाळाव्यात. हात डोक्यामागे बांधून झटक्याने उठणे, दोन्ही पाय एकदम उचलणे, नौकासन आणि जोराची कपालभाती यांमुळे पोटातील दाब एकदम वाढतो. व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा दिसला, लघवीचा थेंब निसटला किंवा टाक्यांशी ओढ जाणवली, तर तो व्यायाम आजचा नव्हे असे समजावे. अंथरुणातून उठतानाही सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे.

याशिवाय चालणे हवेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवले आहेत. स्थानकापासून घरापर्यंत शेअर रिक्षाऐवजी पायी येणे, दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटे चालणे, अशा तुकड्यांतूनही ही बेरीज पुरी होते.

उचलण्याची रीत

पंधरा मिनिटे व्यायाम करून दिवसभर चुकीच्या रीतीने ओझे उचलले, तर मिळवलेले निसटून जाते. मूल असो की पाण्याची बादली, कमरेत वाकून उचलू नये. पाय अंतरावर ठेवून गुडघ्यांत वाकावे, ओझे छातीजवळ घ्यावे आणि उठताना श्वास सोडावा. मूल नेहमी एकाच कडेवर घेऊ नये.

आजारी वडीलधाऱ्यांना उठवताना ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. त्यांना हातांना धरून सरळ ओढू नये. त्यात त्यांचा खांदा आणि तिची कंबर दोन्ही धोक्यात येतात. आधी गुडघे वाकवून त्यांना कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत, आणि कोपराचा रेटा देत त्यांनी बसावे. तिने खांद्यामागे व कमरेशी आधार द्यावा. उभे करताना त्यांनी आसनाच्या काठावर सरकावे, पावले मागे घ्यावीत, पुढे झुकावे, मग दोघांनी मिळून ‘एक, दोन, तीन’ म्हणून उठावे.

येथे ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. उठताना सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात हात टाकू नका. आपला सारा भार तिच्या मानेवर आणि कमरेवर येतो. आपली खुर्ची हातांची आणि गुडघ्यांच्या उंचीची असावी. पलंग फार खाली असेल तर तो उंच करून घ्यावा, शौचालयात धरायला दांडा बसवून घ्यावा. डॉक्टरांना विचारून, खुर्चीवर बसून उठण्याचा सरावही दररोज करावा. पासष्टीच्या पुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवलेले आहेत. आपल्या पायांत जेवढे बळ येईल, तेवढे तिच्या पाठीवरचे ओझे हलके होईल.

ताटातले काही

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी उत्तम. पण सव्वा महिन्याचा खुराक वर्षभर चालू राहिला, आणि हालचाल मात्र खुर्चीपुरती उरली, तर त्या तुपाचा हिशेब पोटावर मांडला जातो. दुसरी सवय मुलाच्या ताटातले उष्टे संपवण्याची. अन्न वाया जाऊ नये हा संस्कार चांगला आहे, तेव्हा मुलाला वाढतानाच कमी वाढावे. तिसरी गोष्ट उशिराची. सर्वांना वाढून झाल्यावर रात्री दहाला भाताचा डोंगर घेऊन बसण्यापेक्षा तिने सर्वांबरोबर जेवावे.

स्नायूंच्या बांधणीस प्रथिने लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. अंगावर पाजणाऱ्या आईस त्याहून अधिक. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, पिठले, दही, अंडी, मासळी यांतून ती मिळतात. नुसता चहा-बिस्किटांवर काढलेला दुपारचा वेळ स्नायूंना काही देत नाही. अंगावर पाजत असताना उपास करून किंवा जेवण तोडून वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बेंबीजवळ किंवा टाक्यांच्या जागी गाठीसारखा फुगवटा दिसणे हे हर्नियाचे लक्षण असू शकते. तो दुखू लागला, आत जाईनासा झाला किंवा ओकाऱ्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खोकताना-शिंकताना लघवी निसटणे तीन महिन्यांच्या व्यायामाने कमी झाले नाही, तर संकोच न करता दाखवावे. ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ म्हणून सोसत राहू नये. आणि घरातील पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीचे पोट काही आठवडे सतत फुगलेले राहत असेल, थोड्या घासांतच पोट भरत असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर ते वायू म्हणून दुर्लक्षू नये. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी अशीच होते. म्हणून तपासणी करून घ्यावी.

घराने द्यायची गोष्ट

या सर्व उपायांत सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे ती पंधरा मिनिटे. व्यायाम तिला ठाऊक नसतो असे नाही. तिला वेळ नसतो. आणि तो वेळ तिला एकटीला निर्माण करता येत नाही. आजोबांनी तेवढा वेळ नातवाला गॅलरीत घेऊन बसावे, आजींनी कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात, नवऱ्याने डबे भरावेत. वेळ ठरलेली असावी, म्हणजे तिला रोज मागावी लागणार नाही. ज्या आजींना जमेल त्यांनी शेजारी खुर्ची टाकून तिच्याबरोबर श्वासाचा व्यायाम करावा. बोलण्यापेक्षा सोबतीचा गुण अधिक येतो.

प्रगती मोजायची ती केवळ टेपने मोजू नये. आठ-दहा आठवड्यांनी तिला जमिनीवरून हात न टेकता उठता येते का, मुलाला उचलताना श्वास कोंडतो का, संध्याकाळी कंबरेवर हात जातो का, हे पाहावे. पोट पहिल्यासारखे सपाट होईलच असे नाही. एका जिवाला जागा दिलेल्या पोटावर काही खुणा राहणारच. त्यांची चर्चा समारंभात न करता, उद्या सकाळी ती सतरंजी अंथरील तेव्हा मुलाला कोण घेणार, हे आज रात्री जेवतानाच घरात ठरवावे.